फुलीच्या टाक्यातले सतराशे शब्द

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले भरतकाम म्हटले की डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र येते: दिवाणखान्यातली शेकोटी, शेजारी बसलेली रिकामटेकडी मडम आणि तिच्या मांडीवर लोकरीत भरलेला कुत्रा. चित्र अगदीच खोटे नाही. चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने बर्लिनहून इंग्लंडात येत. कागदावरच्या एका चौकोनाला जाळीदार कापडावर एक टाका. 1831 साली लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरच्या विल्क्स नावाच्या दुकानदाराने हे नमुने आणि त्यांची लोकर मोठ्या प्रमाणावर आणायला सुरुवात केली आणि पुढे कित्येक वर्षे सपाता, उशा, शेकोटीपुढचे पडदे या कामाने भरून गेले. 1856 मध्ये पर्किनला कृत्रिम जांभळा रंग सापडला आणि त्यानंतर हे रंग डोळ्यांना झोंबू लागले. शाळेत मॅटीच्या कापडावर ज्यांनी पोपट भरला आहे, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. आमचा पोपट त्याच कुळातला.

यात निर्मिती नाही, नुसती मोजणी आहे, असा आक्षेप पुढे तिकडच्याच कलासुधारकांनी घेतला. बर्लिनच्या उशांपुरता तो मलाही मान्य आहे. अडचण एवढीच की याच मोजणीच्या टाक्यात, विल्क्सचे दुकान भरभराटीला येत होते त्याच सुमारास, ससेक्स परगण्यातल्या एका मोलकरणीने आपले आत्मचरित्र भरून ठेवले आहे.

तिचे नाव एलिझाबेथ पार्कर. जन्म 1813, गाव अॅशबर्नहॅम. बाप मजूर, आई गावातल्या धर्मादाय शाळेत शिकवणारी, घरात भावंडांची रांग. साधारण तेराव्या वर्षी ती मुले सांभाळायच्या कामावर लागली. आईबापांचे न ऐकता पहिले घर सोडून दुसऱ्या घरी गेली. तिथल्या मालकाने तिच्यावर वाईट नजर ठेवली आणि तिने विरोध केला तेव्हा तिला जिन्यावरून ढकलून दिले. पुढे जीव द्यावा असे तिला वाटू लागले. हे सगळे तिने 1830 च्या सुमारास पांढऱ्या लिननवर तांबड्या रेशमाने लिहिले. 46 ओळी, सुमारे 1,700 शब्द. फूल नाही, वेल नाही, कडेला नक्षी नाही. हे कापड आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि तिथे त्याची गणना ‘सॅम्पलर’ अशी होते. सॅम्पलर म्हणजे मुलींनी टाके आणि मुळाक्षरे गिरवण्यासाठी भरलेला तुकडा. नाव तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण एखाद्या दीर्घकथेला शुद्धलेखनाची वही म्हणावे तसे ते मला वाटते.

सुरुवातीलाच ती सांगते की आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून अगदी जवळच्या माणसाशी बोलावे तसे इथे मांडते आहे. या वाक्यापाशी मी बरेच दिवस अडून बसले होते. शाळा चालवणाऱ्या बाईची ही मुलगी. शब्द जुळवता येतात, वाक्य पेलता येते, मग लिहिता येत नाही म्हणजे काय? गरीब मुलींच्या शाळांत वाचन आणि शिवण आधी, लेखणी मागाहून किंवा कधीच नाही, अशी रीत होती. तेव्हा तिचा हात लेखणीला सरावलेला नसेल हे एक उत्तर. मला दुसरे अधिक पटते: ही गोष्ट लिहिता येत नाही. शाईने कागदावर लिहिलेले पत्र कुणालातरी पाठवावे लागते. हे कापड कुणाला पाठवायचे नव्हते.

आपल्याकडे बाईने असे काही मागे ठेवलेले दिसले की लगेच जात्यावरच्या ओवीची आठवण काढायची प्रथा पडली आहे. मला ती तुलना जुळत नाही. ओवीला समोर खुंटा धरून बसलेली दुसरी बाई असते. एलिझाबेथला ऐकणारे माणूस कल्पावे लागले.

आता टाक्याकडे यावे. अभ्यासक मजकुराबद्दल भरपूर बोलतात, टाक्याबद्दल कमी. फुलीचा टाका तिला हौसेसाठी शिकवलेला नव्हता. मोठ्या घरांतल्या चादरी, टेबलावरची कापडे, रुमाल यांवर मालकाची आद्याक्षरे आणि अनुक्रमांक याच टाक्याने, बहुधा तांबड्याच दोऱ्याने, घालत. धुवायला गेलेले मोजून परत घेता यावे म्हणून. (आपल्याकडे हे काम परटाच्या बिब्ब्याने केले. इंग्रजीत बिब्ब्याचे नावच ‘खूण करायची बी’ असे पडले आहे.) ज्या मुलीला तांबडी अक्षरे नीट घालता येत तिला नोकरी मिळे. म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता ओळखण्यासाठी शिकवलेली अक्षरे तिने स्वतःच्या आयुष्यासाठी वापरली. मालकाचे नाव मात्र पूर्ण घातले नाही. त्याच्या वाट्याला आले ते नुसते आद्याक्षर, चादरीवर येते तसे.

रोझिका पार्कर (आडनाव सारखे, नाते काही नाही) यांचे 1984 चे ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ हे पुस्तक या विषयातले पायाभूत मानले जाते आणि ते तसे आहेच. भरतकामाने बायकांना नमते राहायला शिकवले आणि त्याच भरतकामाने नमते न राहण्याचे साधनही दिले, ही त्यांची मांडणी माझ्यासारख्या घरी बसून अभ्यास करणारीला डोळे उघडणारी होती. पण पुढे तिची गुरुकिल्ली झाली. सुई दिसली की बंड दिसायचेच. एलिझाबेथचे कापड त्या चष्म्यातून वाचले की चुकते. ती बंड करत नाही. जिन्यावरून ढकलणाऱ्याला ती थोडक्या शब्दांत मोकळे करते आणि उरलेले कित्येक टाके स्वतःला दोष देण्यात घालवते: आईबापांचे ऐकले नाही, देवाला विसरले, जीव द्यायचा विचार मनात आणला. वाचणाऱ्याला हे सोसत नाही, म्हणून आपण तिच्या वतीने बंड करतो. त्यात तिचा मजकूर मागे पडतो.

मी एक साधा प्रयोग केला. मूळ कापड पाहायचा योग आलेला नाही, छायाचित्रावरूनच काम केले. तशीच बारीक रोमन अक्षरे एकेरी दोऱ्याने भरून पाहिली. सहा अक्षरांच्या एका शब्दाला मला वीस मिनिटे लागली. शब्दाला सरासरी चार अक्षरे धरली तर तिची अक्षरे 6,800 होतात. तिचा हात माझ्या दुप्पट वेगाने चालत होता असे मानले तरी हिशेब पावणेदोनशे-दोनशे तासांवर जातो. तेही मोलकरणीचे तास, दिवसाची कामे उरकल्यावरचे. जिन्यावरून पडायला क्षण लागला असेल, ते वाक्य भरायला एक संध्याकाळ गेली असेल. आणि त्या संध्याकाळी ते वाक्य टाळायची संधी प्रत्येक टाक्याला होती. तिचे गद्य एवढे शांत का आहे, याचे उत्तर मला धर्मापेक्षा या वेगात सापडते.

उलट उदाहरणही आहे, म्हणून सुई नेहमीच मन शांत करते असा निष्कर्ष मी काढणार नाही. ग्रेट यारमथच्या वर्कहाउसमधल्या वेड्यांच्या विभागात ठेवलेल्या लोरिना बुल्वर या बाईने व्हिक्टोरियाच्या मृत्यूच्या आगेमागे, साठी ओलांडल्यावर, कापडाचे तुकडे जोडून त्यांवर रंगीत लोकरीने लांबच लांब पत्रे भरली. त्यांतले एक चारेक मीटर आहे. सगळी अक्षरे मोठ्या लिपीतली, विरामचिन्ह एकही नाही, भावावर, डॉक्टरांवर, राजघराण्यावर सरबत्ती. टाक्यागणिक राग थंड व्हायच्या ऐवजी साठत गेलेला दिसतो. सुई तीच, कोंडलेपण जास्त, आणि पत्र वाचणारे खरोखर कुणी नाही. बंड शोधणाऱ्यांनी लोरिनाकडे जावे. तिथे ते उघड आहे.

एलिझाबेथच्या कापडाची शेवटची ओळ अर्ध्यातच थांबते. माझ्या आत्म्याचे आता काय होणार, एवढा प्रश्न भरून झाला आहे आणि खालचे लिनन कोरे आहे. या कोऱ्या जागेवरून तिने जीव दिला असावा, असा समज बराच काळ होता. नंतरच्या संशोधनात गावच्या नोंदी तपासल्या गेल्या. ती अॅशबर्नहॅमलाच राहिली, धर्मादाय शाळेत शिक्षिका झाली, तिने लग्न केले नाही, बहिणीची मुलगी वाढवली आणि 1889 मध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी वारली. व्हिक्टोरियाची जवळजवळ सगळी कारकीर्द तिने पाहिली. अशा शाळेत मुलींना शिवण शिकवावीच लागे. आपल्या विद्यार्थिनींच्या हातात लिननचा तुकडा आणि तांबडा दोरा देऊन तिने त्यांना आधी कोणते अक्षर घालायला सांगितले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.