प्रारंभिक ब्रिटिश टपालखुणा : संग्रह आणि इतिहाससाधन

टपाल तिकीट १८४० मध्ये अवतरले. परंतु त्यापूर्वी पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ ब्रिटिश पत्रांवर टपालाच्या खुणा उमटत होत्या. संग्राहकांनी त्या जपल्या नसत्या, तर त्यांपैकी पुष्कळशा रद्दीत गेल्या असत्या, हे निर्विवाद आहे. तथापि खुणेलाच सर्वस्व मानणाऱ्या संग्राहक-दृष्टीने या साधनांची हानीही केली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१६६१ मध्ये पोस्टमास्टर जनरल हेन्री बिशप यांनी पत्रांवर तारखेचा शिक्का सुरू केला. लहानशा वर्तुळाच्या एका अर्ध्या भागात महिन्याची आद्याक्षरे व दुसऱ्यात दिनांक, एवढाच त्याचा मजकूर. पत्रे रखडवली जातात, या तक्रारीवरील तो उपाय होता. या शिक्क्यात वर्ष नाही. ते निश्चित करण्यासाठी बहुधा पत्राच्या मजकुराकडेच वळावे लागते. अर्थात, खूण स्वयंपूर्ण नाही.

विल्यम डॉक्रा यांनी १६८० मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या पेनी टपालाचा त्रिकोणी शिक्का शुल्क आगाऊ भरल्याचे सांगतो. एरवी शुल्क सामान्यतः पत्र घेणाराच देई. पुढेही दीर्घकाळ ते अंतर व कागदांची संख्या यांवरून ठरे. पाकीट हाही वेगळा कागद गणला जाई. म्हणून पत्राचाच कागद दुमडून, लाखेने बंद करून त्यावर पत्ता लिहीत. परिणामी, पत्त्याची बाजू कापणे म्हणजे पत्रच कापणे होय.

नेमके हेच ‘फ्रँक’ पत्रांबाबत घडले. पार्लमेंट-सदस्यांच्या सहीने पत्रे विनाशुल्क जात. १७८४ पासून सदस्याने पत्ता, स्थळ व दिनांक स्वहस्ते लिहिणे बंधनकारक झाले. नामवंतांच्या सह्या जमविणाऱ्यांनी पत्त्याचा तेवढा भाग कापून वह्यांत चिकटवला. सदस्य आपल्या स्नेह्यांची पत्रेही या सवलतीने पाठवीत, हे सर्वज्ञात आहे. परंतु सहीखाली प्रत्यक्षात कोणाचे पत्र गेले, हे त्या कापलेल्या तुकड्यावरून कसे कळणार? सवलतधारकाचे नाव उरले. तिच्या गैरवापराचा पुरावा मात्र नष्ट झाला. १० जानेवारी १८४० रोजी एकसमान पेनी दर लागू झाला आणि सदस्यांची ही सवलतही संपली. या सुधारणेची गरज समजून घेण्यासाठी हाच पुरावा मोलाचा होता.

सारांश, टपालखूण हे प्रश्न विचारण्याचे साधन आहे. उत्तर पुष्कळदा पत्रात असते. जुन्या पत्रांची सूची करताना शिक्का, शुल्काचा आकडा, लिहिणारा, घेणारा व मजकूर यांची एकत्र नोंद व्हावी आणि कागद अखंड राखला जावा. दुर्मीळ शिक्क्याचे मूल्य बाजार ठरवील. अखंड पत्राचे मूल्य ओळखणे ही अभ्यासकाची जबाबदारी आहे.