‘लीलावती’तील घातसाधन आणि संगणकाचे तयार फलन

चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शिलालेखामुळे (इ. स. १२०७) खानदेशाचा गणिताशी असलेला संबंध अभ्यासकांस सुपरिचित आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचे, व निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिल्याचे त्यात नमूद आहे. हा वारसा जवळचा असल्याने, संगणकभाषेतील घात काढणारे ‘पॉव’ हे तयार फलन म्हणजे ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) रीतच होय, असे म्हणण्याचा मोह जळगाव-धुळ्याकडील अध्यापकांस होणे स्वाभाविक आहे. परंतु हे विधान तपासून घेतले पाहिजे.

श्रेढीव्यवहारात गुणोत्तर श्रेढीची बेरीज काढताना गुणकाचा पदसंख्येइतका, म्हणजे गच्छाइतका, घात लागतो. आचार्यांची रीत अशी: गच्छ विषम असल्यास एक उणा करून ‘गुणक’ ही खूण मांडावी, सम असल्यास निम्मा करून ‘वर्ग’ ही खूण मांडावी, गच्छ संपला की शेवटच्या खुणेपासून उलट येत त्या त्या क्रिया कराव्या. उदाहरण कवड्यांच्या दानाचे आहे. पहिल्या दिवशी दोन, पुढे रोज दुप्पट, असे महिनाभर. तीसचे पंधरा, चौदा, सात, सहा, तीन, दोन, एक व शून्य होतात. उलट येताना २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ व अखेर १०७३७४१८२४ ही संख्या मिळते. एकोणतीस गुणाकारांचे काम सातांत भागले. ही युक्ती मूळची आचार्यांची नव्हे. छंदांचे प्रकार मोजण्यासाठी पिंगलाने ती पूर्वीच वापरली होती. खानदेशाच्या अभिमानास एवढी कात्री लावणे भागच आहे.

आता ‘पॉव’कडे वळू. पायथॉनच्या ‘मॅथ’ या संचातील हे फलन दिलेल्या संख्यांस प्रथम दशांशचिन्हयुक्त रूप देते आणि सामान्यतः लॉगॅरिथमच्या आधारे उत्तर काढते. म्हणजे त्याचे कुळ १६१४ साली लॉगॅरिथम प्रसिद्ध करणाऱ्या नेपियरकडे जाते, पाटणकडे नव्हे. अडीचासारखा अपूर्णांकी घातांक त्यास चालतो, जो ‘लीलावती’च्या रीतीस मुळीच चालणार नाही. मात्र या सोयीची किंमत मोजावी लागते. उत्तरास त्रेपन्न बिटांचीच अचूकता असते. तीनाचा चाळिसावा घात १२१५७६६५४५९०५६९२८८०१ आहे. ‘पॉव’कडून मिळणारी संख्या १२१५७६६५४५९०५६९२८७६८, म्हणजे तेहतिसांनी उणी. विद्यार्थी ती निःशंकपणे उतरवून घेतो, कारण यंत्र कोठेही कुरकुरत नाही. उलट त्याच भाषेतील दोन तारकांचे घातचिन्ह पूर्णांकांवर वापरल्यास उत्तर अचूक येते, आणि लहान घातांकांसाठी त्याच्या पोटात चालणारी क्रिया म्हणजे निम्मे करण्याची व वर्ग करण्याची हीच जुनी रीत होय. तेव्हा वारसा सांगावयाचाच तर तो या चिन्हाचा सांगावा.

सूत्राचा उत्तरार्धही लक्ष देण्याजोगा आहे. मिळालेल्या घातातून एक वजा करावा, एकोन गुणकाने भागावे, मग आदिपदाने गुणावे, हा त्याचा क्रम. कवड्यांचे उत्तर २१४७४८३६४६ येते (निष्क १०४८५७, द्रम्म ९, पण ९, काकिणी २ व कवड्या ६). बत्तीस बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या याहून केवळ एकाने अधिक आहे. आदिपदाने आधी गुणून दोन मागाहून वजा केले असते तर गणित मध्येच मर्यादेबाहेर गेले असते. हा अर्थात योगायोग. त्यात कोणी द्रष्टेपणा शोधू नये. पण क्रियांचा क्रम हा सूत्राचा भाग असतो, हे वर्गात दाखविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

सूत्राचे दोष सांगण्यासही संकोच नको. रीत का चालते, हे मूळ श्लोकात नाही. उपपत्ती देण्याचे काम गणेश दैवज्ञाच्या ‘बुद्धिविलासिनी’सारख्या (१५४५) टीकांकडे राहिले. शिवाय ती नेहमीच सर्वांत तोकडी असते असे नाही. पंधराव्या घातास ती सहा गुणाकार घेते. घन काढून त्याचा दोनदा वर्ग करावा आणि त्यास पुन्हा घनाने गुणावे, तर पाचांत काम होते.