नकाशाच्या कडेचे गिऱ्हाईक : 'सिटीज: स्कायलाइन्स'मधील कच्च्या मालाची निर्यात

'सिटीज: स्कायलाइन्स' (2015) हा शहर उभारण्याचा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी खेळला असेल. 2018 मध्ये आलेल्या त्याच्या 'इंडस्ट्रीज' या विस्तारात खाण, तेल, शेती आणि वनउद्योग यांची पूर्ण साखळी मिळते. पुरवठा साखळीचे प्रतिमान म्हणून तो वर्गात वापरण्याजोगा आहे, आणि म्हणूनच तो प्रतिमान म्हणून तपासलाही पाहिजे. येथे एकच प्रश्न घेऊ. खनिज प्रक्रिया न करता, ढिगाने बाहेर विकले तर फायदा कधी होतो?

खेळाचे उत्तर सोपे आहे. खाणीला लागून कोठार बांधा, ते 'रिकामे करा' या स्थितीत ठेवा, जवळच मालगाडीचे स्थानक किंवा मालवाहू बंदर द्या आणि ट्रकांचा रस्ता वस्तीच्या रस्त्यापासून वेगळा काढा. एक ट्रक आठेक टन नेतो. चौक तुंबला की कोठार भरते, कोठार भरले की खाण थांबते. साखळीतला सर्वांत अरुंद दुवा साऱ्या साखळीचा वेग ठरवतो, हे पाठ्यपुस्तकातल्या दोन प्रकरणांपेक्षा या खेळात लवकर समजते. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण पैशाचा हिशेब पाहा. टनाचा भाव ठरलेला असतो. माल दहा चौक पलीकडे गेला काय किंवा अख्खा नकाशा ओलांडून गेला काय, भावात फरक नाही; ट्रकच्या डिझेलचा खर्चही नाही. नकाशाच्या कडेला एक गिऱ्हाईक कायमचे उभे असते आणि ते कधीच 'नको' म्हणत नाही.

आता कागदावर एक काल्पनिक हिशेब मांडा. बंदरावर खनिजाला टनामागे 4,000 रुपये मिळतात. खोदाई व स्वामित्वधन 1,500. रेल्वे, साठवण आणि जहाजात भरणे 2,000. उरले 500. भाव फक्त 15 टक्क्यांनी घसरला तर 600 रुपये जातात, म्हणजे टनामागे 100 रुपये तोटा. तेच 2,000 रुपये लाखभर रुपये टनाच्या यंत्रभागांवर पडले तर जाणवतही नाहीत. ढिगाच्या मालात विकली जाते ती मुख्यतः वाहतूक. खेळाने नेमके तेच पद शून्य धरले आहे.

गोव्याचे उदाहरण घ्या. तिथल्या खनिजात लोहाचे प्रमाण बेल्लारीच्या खनिजापेक्षा कमी. तरीही ते अनेक दशके परदेशी गेले, कारण खाणी मांडवी आणि जुवारीपासून फार दूर नव्हत्या आणि बार्जमधून मुरगावपर्यंतचा प्रवास स्वस्त पडत होता. नदी हीच त्या धंद्याची पुंजी.

चेन्नईची गोष्ट उलट्या बाजूने शिकवते. होस्पेट-बेल्लारीचे खनिज सुमारे पाचशे किलोमीटर रेल्वेने येथे येई. सत्तरच्या दशकात भारती डॉकवर त्यासाठी यांत्रिक धक्का उभा राहिला. एका मालगाडीत साधारण 3,500 टन धरले तर 70,000 टनांच्या जहाजाला वीस गाड्या लागतात. त्या वेळेवर आल्या नाहीत तर जहाज उभे राहते आणि डेमरेज चढते. खेळातल्या ट्रकांनी हेच काम करायचे तर 8,750 फेऱ्या!

आणि धूळ? बंदराच्या भिंतीला लागूनच रायपुरम आणि जॉर्ज टाउनची दाट वस्ती आहे. खेळात जमिनीचे प्रदूषण आहे, आवाज आहे. ढिगावरून वाऱ्याने घरांत शिरणारी काळी-लाल धूळ नाही. कोळसा आणि लोहखनिज यांसारखा धुळीचा माल एन्नोरला हलवावा, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने 2011 मध्ये दिला. चेन्नई बंदराच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या मालावर होता. खेळाडूने पैसे मोजून वस्ती हलवली असती. येथे मालालाच जावे लागले.

त्याआधी, 2010 मध्ये, कर्नाटकाने खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बेल्लारीतील खाणकाम थांबवले. 2022 मध्ये तर केंद्राने लोहखनिजावरील निर्यात शुल्क मे महिन्यात 50 टक्क्यांवर नेले आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतले. असे सहा महिने खेळात एकदाही येत नाहीत.

'वर्कर्स अँड रिसोर्सेस: सोव्हिएत रिपब्लिक' हा खेळ या बाबतीत मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात गाड्यांना इंधन लागते, सुट्या मालाला पट्टे आणि भरणी केंद्रे लागतात, आणि सीमेवरचे भाव काळाबरोबर बदलतात. तो क्लिष्ट आहे, काही वेळा रटाळही. प्रकल्पासाठी मात्र तोच निवडा, आणि 'स्कायलाइन्स'च घ्यायचा असेल तर दर फेरीचा किलोमीटर-खर्च वहीत स्वतः वजा करा.

एन्नोरला लोहखनिजाच्या निर्यातीसाठी स्वतंत्र टर्मिनल बांधले गेले होते. ते तयार झाले तेव्हा कर्नाटकातून खनिज येणेच थांबले होते. कित्येक वर्षे ते रिकामे राहिले आणि शेवटी कोळशासाठी बदलून घेण्यात आले.