ड्रुरी लेनचे करडे भूत

लंडनच्या थिएटर रॉयल, ड्रुरी लेन या नाट्यगृहाचा इतिहास डब्ल्यू. जे. मॅक्वीन-पोप यांनी १९४५ साली ग्रंथबद्ध केला. तेथल्या भुताची कीर्तीही त्यांनीच पसरवली. करडा झगा, तिकोनी टोपी. भरदिवसा वरच्या सज्जात चालत येऊन भिंतीत विरून जाणारे. ते दिसले की नाटक चालते, अशी श्रद्धा. ‘ओक्लाहोमा!’च्या (१९४७) वेळीही ते दिसल्याचे सांगतात.

ग्रंथकार त्याच नाट्यगृहाचे प्रसिद्धिप्रमुख होते, हे वाचकाने विसरू नये. यशाचा शकुन देणारे भूत जाहिरातदाराला जड थोडेच! शिवाय आजची इमारत १८१२ची आणि प्रेक्षागृह १९२२मध्ये नव्याने बांधलेले. अठराव्या शतकातील पोशाखाच्या या गृहस्थाने हा सज्जा हयातीत पाहिलेलाच नव्हता. (आपल्या अणदूरकडे जत्रेतला तमाशाचा फड तंबू गुंडाळून पुढे जातो, तेथे भुताला मुक्कामाला जागाच नाही.)

मात्र ‘सगळे थोतांड’ हेही आळसाचेच उत्तर. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २११६) मृतांना आवाहन करणे निषिद्ध मानतो. साक्षी तपासण्यास मनाई करीत नाही. येशूसंघीय फादर हर्बर्ट थर्स्टन (१८५६–१९३९) यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. कोणी पाहिले, केव्हा लिहून ठेवले, सांगणाऱ्याचा लाभ कोणता? त्यांचे या विषयावरील लेख १९५३मध्ये पुस्तकरूपाने आले. मॅक्वीन-पोप यांचे लेखन रसाळ, पण आठवणींवर फार विसंबणारे. थर्स्टन रूक्ष वाटतात. परंतु घटना मान्य केल्यावरही ती मृतात्म्याचीच करणी, असे ते घाईने म्हणत नाहीत.