उपमा कुठे तुटते?

कर्करोग शिकवताना ॲक्सिलरेटर आणि ब्रेकची उपमा हमखास दिली जाते. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या मुलांना तर ती चटकन पटते. अनेकांची घरे वाहनांच्या कारखान्यांवरच चालतात. पण आम्हांला ती अपुरी वाटते. ॲक्सिलरेटर काढला की रोग गेला, असा समज तिच्यामुळे होतो.

जनुकांचे काम चालू-बंद करणाऱ्या ई२एफ या प्रथिन-कुटुंबातील ई२एफ-१ पेशीला विभाजनाकडे ढकलते. तरीही ते नसलेल्या उंदरांना गाठी झाल्याचे १९९६ साली दिसले! हेच प्रथिन प्रसंगी पेशीला आत्मनाशाकडेही नेते. यंत्राच्या भागाचे काम ठरलेले असते. प्रथिनाचे काम पेशीच्या स्थितीनुसार बदलते. शिक्षकांनी उपमा जरूर द्यावी, पण ती कुठे तुटते हेही सांगावे.