पिंजरा मोठा झाला, मग पुढे?

नोव्हेंबर २००३ मध्ये पुण्याच्या राजीव गांधी प्राणीसंग्रहालयातून, म्हणजे आपल्या कात्रजहून, बिन्नी नावाची ओरांगउटान मादी भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननला गेली. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. मे २०१९ मध्ये ती गेली तेव्हा वय ४१, आणि भारतातली एकमेव ओरांगउटान अशी तिची ओळख. तिच्या मृत्यूच्या बातम्यांत वय होतं, श्वसनमार्गाचा संसर्ग होता, ‘देशातली एकमेव’ हे बिरूद होतं. तिचा रोजचा दिवस कसा जायचा, याला मात्र फार जागा नव्हती.

आजची पोस्ट त्या दिवसाबद्दल आहे. प्राणी एका पिंजऱ्यातून दुसऱ्या, नव्या पिंजऱ्यात जातो तेव्हा आपण नेमकं काय मोजतो आणि काय मोजायला हवं, हे मला तुम्हाला सांगायचंय. मी स्वतः माकडांच्या वर्तनावर पीएचडी करतोय, बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेकडेने वही घेऊन फिरत असतो, त्यामुळे मोजण्याच्या बाबतीत जरा कटकट्या आहे हे आधीच सांगतो.

आपल्याकडे नव्या दालनाची बातमी आली की तीन आकडे हमखास येतात. किती चौरस फूट, किती कोटी, आणि काच किती मोठी. राणीच्या बागेचंच बघा. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांचं कायमचं दालन तेव्हा तयारच नव्हतं, म्हणून ते विलगीकरण कक्षात राहिले. ऑक्टोबरमध्ये त्यातला एक मेला. मार्च २०१७ मध्ये नवं दालन लोकांसाठी उघडलं आणि त्याच वर्षी बागेचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेलं. या सगळ्यावर मुंबईत केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. टेंडर, खर्च, कंत्राटदार, कोणत्या पक्षाचं काय. पालिकेचा पैसा आपला आहे, तेव्हा हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण दालन उघडल्यावर वर्षभराने ते पक्षी त्यातला कोणता भाग वापरतात, पाण्यात किती वेळ असतात, गर्दीच्या रविवारी काय करतात, यावर एक तरी वाद झालेला आठवतोय? पिंजरा बांधून झाला की आपल्यासाठी विषय संपतो. प्राण्यासाठी तो तिथे सुरू होतो.

आता ओरांगउटानकडे वळू, कारण चौरस फूट हे माप त्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवं आहे. झाडावर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांमध्ये हा सर्वांत मोठा. सुमात्रातले नर तर जमिनीवर क्वचितच उतरतात, बोर्निओतले थोडे जास्त. रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं घरटं करायचं आणि त्यात झोपायचं, ही याची रीत. अशा प्राण्याला ‘आम्ही तुला आधीच्या तिप्पट लॉन दिलं’ असं सांगणं म्हणजे माशाला गच्ची देण्यासारखं आहे. आपण मुंबईकर कार्पेट एरियात विचार करतो, त्याला हवी असते उंची, आणि त्या उंचीवर धरायला, लटकायला, बसायला काहीतरी.

लोरेन पर्किन्स यांचा १९९२ चा एक अभ्यास आहे. वेगवेगळ्या प्राणीसंग्रहालयांतल्या ओरांगउटानांची हालचाल कशावर अवलंबून असते, हे त्यात तपासलं होतं. नुसतं क्षेत्रफळ हे त्याचं उत्तर नव्हतं. प्रत्यक्ष वापरता येईल असा पृष्ठभाग किती, हलवता-ओढता येतील अशा वस्तू आहेत का, सोबत किती जण आहेत, अशा गोष्टींना वजन होतं. ‘वापरता येईल असा पृष्ठभाग’ हे शब्द लक्षात ठेवा. सिमेंटचा उंच, सुंदर, खडकासारखा रंगवलेला सुळका बातमीच्या फोटोत झकास दिसतो, पण त्यावर पकडच नसेल तर ओरांगउटानसाठी ती फक्त भिंत आहे.

याची उलट बाजूही मजेशीर आहे. सॅन डिएगोच्या प्राणीसंग्रहालयात केन ॲलन नावाचा एक ओरांगउटान होता. १९८५ च्या उन्हाळ्यात तो आपल्या पिंजऱ्यातून तीनदा बाहेर पडला आणि बाकीचे प्राणी बघत शांतपणे हिंडला. शेवटी संग्रहालयाने भिंतीतल्या पकडीच्या जागा शोधायला चक्क गिर्यारोहक बोलावले! इंजिनिअरला जी भिंत गुळगुळीत दिसत होती, ती त्याला शिडी दिसत होती. तात्पर्य वगैरे बाजूला ठेवा, पण नकाशा काढणारा आणि त्यात राहणारा एकच जागा दोन वेगळ्या नजरांनी बघतात, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मग राहणाऱ्याची नजर कळणार कशी? तो कुठे बसतो ते मोजून. शिकागोच्या लिंकन पार्क झूमध्ये चिंपांझी आणि गोरिलांना २००४ मध्ये नव्या इमारतीत हलवलं. तिथे स्टीव्ह रॉस आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ नोंदी ठेवल्या. ओरांगउटान त्यात नव्हते, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. त्यांनी जागेचे त्रिमितीय तुकडे पाडले, उंचीसकट, आणि प्रत्येक प्राणी कोणत्या तुकड्यात किती वेळ असतो ते नोंदलं. निष्कर्ष असा, की चिंपांझींनी आपला अर्धा वेळ उपलब्ध जागेच्या जेमतेम ३.२ टक्के भागात काढला आणि गोरिलांनी १.५ टक्के भागात. चिंपांझींना वरचे मजले आवडले, गोरिलांना जमीन. आणि दोघांनाही दारं, जाळी आणि कोपरे आवडले. मोकळं मैदान दोघांनीही टाळलं.

दारं! मला हे वाचताना थेट घाटकोपर आठवलं. पंतनगरसारख्या जुन्या वसाहतींच्या जागी टॉवर उभे राहिले, घरं मोठी झाली, बाथरूम आतमध्ये आलं. पण अशा कुठल्याही इमारतीत दुपारी चौदाव्या मजल्याच्या लॉबीत जाऊन बघा, एखाद्या आजी दार उघडं टाकून उंबऱ्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवून बसलेल्या असतात. हॉल रिकामा. दारातून कोण येतं-जातं ते दिसतं, नको वाटलं तर आत सरकता येतं. आजींना खोली हवीच आहे, पण त्यांची जागा ती आहे. बिल्डरच्या नकाशात त्या जागेला नावही नसतं.

आता कुणी म्हणेल, ३.२ टक्केच वापरतात तर एवढा मोठा पिंजरा कशाला? लहान करा, पैसे वाचवा. हा युक्तिवाद फार सोयीचा आहे म्हणून त्यावर थोडं थांबू. तुमच्या घरातल्या तुमच्या वेळेचा हिशोब काढा. पलंग, एक खुर्ची, ओट्यासमोरची दोन फूट जागा, यातच बहुतेक वेळ जातो. म्हणून उरलेलं घर विकून टाका असं आपण म्हणत नाही, कारण कोणत्या दिवशी कोणता कोपरा लागेल हे आधी सांगता येत नाही. भांडण झालं की गॅलरी लागते. पिंजऱ्यातही तसंच. ते ३.२ टक्के प्राण्याने बाकीचं सगळं बघून, नाकारून निवडलेत. निवडायला काहीच दिलं नाही तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

लपायला जागा हा मुद्दा तर आपल्याकडे जवळजवळ अपमान समजला जातो. ‘पैसे देऊन आलो आणि वाघ दिसलाच नाही’ ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल, कदाचित केलीही असेल. इंग्लंडमधल्या चेस्टर झूमध्ये लिंडा बर्क यांनी ओरांगउटानांवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला. प्रेक्षकांची गर्दी आणि आवाज वाढला की ते काय करतात, हा प्रश्न. गर्दी वाढली की मोठे ओरांगउटान कागदी गोण्या उचलून डोक्यावर ओढून घ्यायचे. आवाज वाढला की पिल्लं मोठ्यांना जाऊन बिलगायची. हे मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगतो, तेव्हा लोक आधी हसतात. मग थोडा वेळ कुणी बोलत नाही.

जमिनीपासून छतापर्यंतची काच म्हणूनच मला खटकते. तिच्यामुळे आपल्याला सगळं दिसतं, आणि नेमकं तेच प्राण्याला नको असू शकतं. जुने गज आणि ओल्या सिमेंटच्या खोल्या यांपेक्षा नवी दालनं चांगली आहेत, यात वादच नाही. माझा आक्षेप एवढाच, की ‘नैसर्गिक अधिवास’ अशी पाटी लावून जे उभं राहतं ते बऱ्याचदा आपल्या डोळ्यांसाठी नैसर्गिक असतं. झाड दिसतं, पण त्याला विजेची तार गुंडाळलेली असते, म्हणजे प्राण्यासाठी ते झाड नाहीच.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणीसंग्रहालयाने १९९५ मध्ये वेगळं काही केलं. उंच मनोरे उभारून त्यांच्यामध्ये केबल ताणल्या आणि ओरांगउटानांना दोन इमारतींमध्ये डोक्यावरून ये-जा करायची सोय केली. खालून माणसं चालत असतात. यात मला उंचीपेक्षा महत्त्वाचं हे वाटतं, की जायचं की नाही, कधी जायचं, कुणाच्या मागे जायचं किंवा कुणाला टाळायचं, हे तो प्राणी ठरवतो.

इथे परत बिन्नी. रानातले ओरांगउटान बऱ्यापैकी एकटे असतात. मोठे नर तर एकएकटेच फिरतात. मादीबरोबर पिल्लू असतं, दोन पिल्लांत साधारण सात-आठ वर्षांचं अंतर. ‘मग एकटी राहिली तर काय बिघडलं’ हे वाक्य त्यामुळे शास्त्रीय वाटतं. पण रानातला एकटेपणा वेगळा. तिथे नराची लांब हाक एक किलोमीटरवरून ऐकू येते, फळं लागलेल्या झाडावर गाठ पडते, आवडलं नाही तर निघून जाता येतं. बिन्नी नंदनकाननमध्ये साडेपंधरा वर्षं होती आणि त्या सगळ्या काळात टाळायलासुद्धा दुसरं कुणी नव्हतं. आपल्या प्राणीसंग्रहालय नियमांत, सबळ कारण नसेल तर प्राण्याला जोडीदाराशिवाय वर्षाहून जास्त ठेवू नये असं आहे. इथे कारण सबळ होतं, शेवटी ती देशातली एकमेव ओरांगउटान होती, आणि ‘सायटीस’च्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी परदेशातून आणणं ही काही सोपी गोष्ट नाही. नंदनकाननच्या माणसांनी तिला ४१ वर्षांची होऊ दिलं, हे छोटं काम नाही. माझी टीका त्यांच्यावर नाहीच. ‘एकमेव’ हा शब्द आपण मिरवण्यासारखा वापरला, त्यावर आहे. प्राणीसंग्रहालयासाठी तो आकर्षण असेल, तिच्यासाठी तो निदानाच्या कागदावर लिहायचा शब्द होता.

हे भावनिक वाटत असेल तर एक आकडा देतो. अलेक्झांडर वाइस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १८४ बंदिस्त ओरांगउटानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना ओळखणाऱ्या कर्मचाऱ्यांनी प्रत्येकाला ‘हा किती आनंदी दिसतो’ याचे गुण दिले होते. पुढच्या सात वर्षांत कोण जगलं, कोण गेलं, ते पाहिलं. जास्त गुण मिळालेले जास्त जगले, आणि वरच्या-खालच्या गुणांमधला फरक अंदाजे अकरा वर्षांच्या आयुष्याइतका भरला. आनंदाने आयुष्य वाढतं की तब्येत चांगली म्हणून आनंदी दिसतात, हे यातून सिद्ध होत नाही. पण रोज केळी घेऊन जाणाऱ्या माणसाला जे कळतं, त्यात माहिती असते, एवढं नक्की. आपल्याकडे उद्घाटनाच्या फीत कापायच्या रांगेत तो माणूस शेवटी उभा असतो.

आता गृहपाठ. यासाठी पीएचडी लागत नाही. राणीच्या बागेत फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली आणि नव्या दालनात गेली. तशा कुठल्याही दालनासमोर चाळीस मिनिटं थांबा. मनातल्या मनात जागेचे चार सारखे भाग करा. दर दोन मिनिटांनी प्राणी कोणत्या भागात आहे ते लिहा, मधलं काही लिहू नका. वीस नोंदी होतील. चारही भागांत पाच-पाच आल्या तर निर्देशांक शून्य, सगळ्या वीस एकाच भागात आल्या तर एक. समजा १४, ४, १, १ अशा आल्या. प्रत्येकातून पाचचा फरक काढा: ९, १, ४, ४. बेरीज १८. तिला ३० ने भागा, ०.६. चार भाग आणि वीस नोंदींसाठी हा ३० ठरलेला आहे. भाग लहानमोठे असतील तर सूत्र बदलतं, त्याची सुधारित आवृत्ती एमी प्लाउमन यांनी २००३ मध्ये दिली.

०.६ वाईट का? लगेच ठरवू नका. ते १४ कुठले हे बघा. सावलीतली उंच फळी असेल तर दालन बांधणाऱ्याचं अभिनंदन करा. रात्रीच्या खोलीचं बंद दार असेल आणि प्राणी त्याला पाठ लावून बसला असेल, तर वेगळा प्रश्न आहे. मग एकदा मंगळवारी आणि एकदा मे महिन्यातल्या रविवारी असं दोनदा मोजा. (बुधवारी बाग बंद असते, फेरी फुकट घालवू नका.) आणि पाणी मारणारे काका दिसले तर त्यांना विचारा, की नवा आला तेव्हा हा कुठे बसायचा, आणि आता कुठे बसतो.