किल्ल्यावरचा भालदार, जवळून

कडेगाव म्हटले की फोटो काढणाऱ्यांना मोहरम आठवतो. गगनचुंबी ताबूत, आणि ते चौकटीत मावावेत म्हणून मागे मागे सरकणारे कॅमेरे. माझ्यासमोरचा फोटो त्याच गावातला, पण दिवाळीतला आहे. तो काढणारा अंगणात चक्क पालथा पडलेला असणार, कारण नजर थेट भालदाराच्या नजरेला भिडते. पोरांनी केलेला दगडमातीचा किल्ला, बुरुजावर उगवलेली मोहरी, आणि दरवाजाशी हा वीतभरही उंच नसलेला प्लॅस्टरचा गडी.

उभ्याने, वरून काढलेल्या फोटोत किल्ल्यावरची ही चित्रे, म्हणजे असले पुतळे, नुसती पागोटी होऊन जातात. इथे कॅमेरा जमिनीला टेकला आणि मातीचा बुरुज भालदाराच्या मागे चढत गेला. आकाशाचा एक तुकडा वर आहे, तेवढाच. बाकी गर्दी नाही.

मग चेहरा. कपाळावर पागोट्याचा तांबडा रंग जरासा ओघळला आहे आणि डावी भुवई त्या तांबड्यावरूनच ओढली आहे. म्हणजे आधी अंगाचा रंग, मग कपडे, आणि काळ्याची आखणी सगळ्यांत शेवटी. रंगवणाऱ्याच्या कामाचा क्रम या एका जागी वाचता येतो. भुवई एका दमात ओढलेली आहे, नाकाशी जाड आणि कानाकडे निमुळती. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित वर बसला, त्यामुळे गडी कुणाची तरी चाहूल घेत असल्यासारखा दिसतो. कानामागे साच्याची शिवण चाकूने खरवडली आहे. शेल्यात कुंचल्याचा एक केस अडकून वाळला आहे. हे सगळे नुसत्या डोळ्यांना दिसले नसते.

दिसले, कारण फोकस नेमका डोळ्यांवर आहे. एवढी लहान आकृती चौकट भरून घेतली, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात एफ ११ ला जेमतेम ७-८ मिलिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. छिद्र आणखी लहान करत एफ २२ ला नेले, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच थोडे मऊ पडते. फोकस पुढे सरकवत अनेक फोटो घेऊन ते संगणकावर जोडता येतात. नाकापासून भाल्यापर्यंत सगळे लख्ख होते. या फोटोत तसे केलेले नाही. भाला धरलेली मूठ थोडी विरघळली आहे, आणि मला ते पसंत आहे. मूठ तशीही साच्याची आहे. चेहरा मात्र हाताने रंगवलेला आहे.

उजेडही जाणत्याचा आहे. तैलरंगाच्या चकाकीवर थेट ऊन पडले की पांढरा डाग बसतो आणि खालचा रंग मरतो. इथे ऊन बाजूने, बहुधा पांढऱ्या कापडातून गाळून आले आहे. चकाकी खांद्याच्या कडेने अरुंद पट्टा होऊन राहते. हनुवटीखालची सावलीसुद्धा काळी झालेली नाही.

अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड लेव्हिंथल यांनी १९७७ च्या ‘हिटलर मूव्ह्ज ईस्ट’ या पुस्तकात खेळण्यातले सैनिक मुद्दाम धूसर ठेवले, म्हणून ते खऱ्या रणांगणावरचे वाटतात. ती किमया मोठीच. पण कडेगावच्या या फोटोची चाल उलटी आहे. तो भालदाराला खरा माणूस करू पाहत नाही. प्लॅस्टरला प्लॅस्टर राहू देतो आणि रंगवणारा हात दाखवतो. म्हणूनच मला तो श्रेष्ठ वाटतो.

मोबाइलवाल्यांनीही हे करावे. फक्त फोन नाकाशी नेऊ नका. त्याने नाक फुगते, पाय बारीक होतात. थोडे मागे सरून दुप्पट झूम घ्या. आणि दिवाळीनंतर चित्रे खोक्यात जाण्याआधी प्रत्येकाचा एक फोटो पाठीमागूनही काढा, आणि ती कुठल्या कुंभाराकडून आणली, त्याचे नाव-गाव फोटोसोबत लिहून ठेवा.